शोधयात्रेच्या वाटेचे राखणदार

इतिहास-भूगोलाच्या क्रमिक पुस्तकांतून शोधप्रवाशांची नावे येतात. कोणी कोणत्या साली कोणत्या नदीचा उगम गाठला, कोणता डोंगर ओलांडला, हे विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरून जातात. याचे कारण उघड आहे. ते नाव ज्या भूमीशी जोडलेले असते ती भूमी विद्यार्थ्याने पाहिलेली नसते. परंतु शोधप्रवासी ज्या गावांवरून गेले त्या गावांतील लोकांची गोष्ट निराळी असते. त्यांच्या दृष्टीने तो प्रवास म्हणजे आपल्या शेताच्या बांधावर व गावच्या नदीत घडलेली घटना होय. अशा लोकांनी, वेतनाची अपेक्षा न धरता, आपल्या प्रदेशातील शोधयात्रेचा इतिहास कसा राखला आणि राखता राखता तो कसा दुरुस्तही केला, याचे एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पाहावयास मिळते. ते लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेचे उदाहरण आहे.

मोहिमेची हकीकत थोडक्यात अशी. १८०३ साली अमेरिकेने फ्रान्सपासून लुइझियाना नावाचा अफाट मुलूख दीड कोटी डॉलरांस विकत घेतला. त्या मुलखातून पश्चिम समुद्रापर्यंत जाण्यास जलमार्ग आहे काय, तेथे कोणते लोक राहतात, कोणत्या वनस्पती व प्राणी आढळतात, हे पाहण्यासाठी अध्यक्ष जेफर्सन यांनी मेरीवेदर लुईस व विल्यम क्लार्क या दोन सैनिकी अधिकाऱ्यांची नेमणूक केली. १४ मे १८०४ रोजी त्यांची तुकडी मिसूरी नदीतून प्रवाहाविरुद्ध निघाली. पहिला हिवाळा तिने हल्लीच्या उत्तर डाकोटा राज्यात मॅन्डन लोकांच्या शेजारी काढला. तेथून पुढे गेलेल्या ३३ जणांत साकागविया ही शोशोनी जमातीची तरुणी व तिचे तान्हे मूल होते. रॉकी पर्वत ओलांडून ही मंडळी पॅसिफिक महासागरास पोहोचली आणि २३ सप्टेंबर १८०६ रोजी सेंट लुईस येथे परत आली. जाऊन येऊन सुमारे आठ हजार मैलांचा हा प्रवास होता. प्रवाशांनी दैनंदिनी काळजीपूर्वक लिहिल्या होत्या. म्हणूनच कोणत्या दिवशी मुक्काम कोठे होता हे आज बहुतेक ठिकाणी सांगता येते.

एवढ्या मोठ्या प्रवासात तुकडीतील एकच माणूस दगावला. त्याचे नाव सार्जंट चार्ल्स फ्लॉइड. २० ऑगस्ट १८०४ रोजी, हल्लीच्या आयोवा राज्यातील सू सिटी या शहराजवळ, पोटातील विकाराने त्याचा अंत झाला. तो आंत्रपुच्छाचा दाह असावा असे आजचे वैद्य मानतात. सोबत्यांनी नदीकाठच्या उंच टेकडीवर त्यास पुरले व देवदाराचा एक खांब रोवला. परतीच्या वाटेवर त्यांनी मुद्दाम थांबून पाहिले, तो थडगे उघडे पडलेले आढळले. ते त्यांनी पुन्हा बुजविले. पुढे १८५७ साली मिसूरी नदीने ती टेकडीच कापून काढण्यास सुरुवात केली. तेव्हा कोणा सरकारी खात्याने नव्हे, तर नव्याने वसलेल्या सू सिटीतील नागरिकांनी धावत जाऊन उघड्या पडलेल्या अस्थी वाचविल्या आणि नदीपासून दूर पुरल्या. काळाच्या ओघात ती जागाही विस्मृतीत गेली. १८९४ साली फ्लॉइडची स्वतःची दैनंदिनी छापली गेली आणि लोकांस पुन्हा आठवण झाली. दुसऱ्याच वर्षी नागरिकांनी शोध घेऊन थडगे हुडकले, स्मारक मंडळ स्थापिले, वर्गणी जमविली व सरकारकडूनही रक्कम मिळविली. १९०१ साली तेथे शंभर फूट उंचीचा दगडी स्तंभ उभा राहिला. १९६० साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांची नोंदणी सुरू झाली तेव्हा त्या यादीत पहिले नाव या स्तंभाचे आले. एका सामान्य सार्जंटास चार वेळा मूठमाती द्यावी लागली. त्यांपैकी शेवटच्या दोन वेळा ज्यांनी दिली त्यांच्यापैकी कोणीही त्यास पाहिलेले नव्हते.

असे थडगे महाराष्ट्रातही आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणारे विल्यम लॅम्बटन १८०२ साली, म्हणजे लुईस व क्लार्क निघण्याच्या दोनच वर्षे आधी, मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजण्यास बसले. मोजणी करीत उत्तरेकडे येत असता २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या मोजणीची साखळी पुढे हिमालयापर्यंत पोहोचली. विदर्भातील किती शाळांतून या थडग्याचा उल्लेख होतो, याचा विचार शिक्षकांनीच करावा.

अमेरिकेतील या विखुरलेल्या प्रयत्नांस संघटित रूप बऱ्याच उशिरा आले. १९६४ साली तेथील विधिमंडळाने लुईस व क्लार्क यांच्या मार्गाचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला. त्याची मुदत १९६९ साली संपली. सरकारी आयोग संपला की त्याचे काम दप्तरात बांधून ठेवले जाते, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे. येथे मात्र मार्गावरच्या निरनिराळ्या राज्यांतील हौशी मंडळींनी ते काम खाली पडू दिले नाही. त्यांनी स्वतःची संस्था उभारली. पुढे तिने 'लुईस अँड क्लार्क ट्रेल अलायन्स' असे नाव धारण केले. १९७४ पासून ती एक त्रैमासिक काढीत आली आहे. 'आम्ही पुढे निघालो' अशा अर्थाचा जो शब्दप्रयोग प्रवाशांच्या दैनंदिनीत वारंवार येतो, तोच या त्रैमासिकाचे नाव म्हणून घेतला आहे. १९७८ साली हा मार्ग राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग म्हणून जाहीर झाला. त्याची लांबी प्रथम सुमारे ३,७०० मैल धरली होती. २०१९ साली पूर्वेकडे पिट्सबर्गपर्यंतचा भाग जोडल्याने ती सुमारे ४,९०० मैल झाली. इतक्या लांब वाटेवर सरकारी पहारेकरी कोठे कोठे ठेवणार? राष्ट्रीय उद्यान खाते मार्गाचा कारभार पाहते हे खरे. तथापि फलक पडला की उभा करणे, पायवाटेवरील झुडपे तोडणे, जुन्या जमीनमालकाकडे जाऊन त्याच्या आजोबांनी काय सांगितले ते टिपून ठेवणे, ही कामे स्थानिक शाखांतील शेतकरी, दुकानदार, निवृत्त शिक्षक अशा लोकांवरच अवलंबून राहतात.

मोंटाना राज्यातील ग्रेट फॉल्स या शहराचे उदाहरण शाळांच्या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. येथे मिसूरी नदीवर लागोपाठ पाच धबधबे होते. १८०५ च्या जूनमध्ये प्रवासी तेथे पोहोचले तेव्हा होड्या पाण्यातून नेणे अशक्य झाले. त्यांनी एका जाड झाडाच्या बुंध्याचे आडवे काप काढून चाके केली, त्यांवर गाडे बसविले आणि होड्या व सामान अठरा मैल जमिनीवरून ओढून नेले. पायांत मऊ कातड्याचे जोडे व जमिनीवर निवडुंगाचे काटे, अशा स्थितीत हे काम चालले. या सर्व खटाटोपात जवळजवळ एक महिना गेला. १९९८ साली या शहरात वनखात्याचे एक माहितीकेंद्र उघडले. त्याच्या रोजच्या कामात स्वयंसेवकांचा मोठा हात असतो. शिवाय सैनिकांचा तत्कालीन वेष करून शाळांतून जाणारे स्वयंसेवकांचे एक पथक येथे आहे. चकमकीने अग्नी कसा पाडावा, बंदुकीच्या गोळ्या कशा ओताव्या, कातडे कसे कमवावे, हे ते मुलांसमोर करून दाखवितात. ज्या मुलाने एकदा भरलेला गाडा चार पावले ओढून पाहिला, त्यास 'अठरा मैल' या शब्दांचा अर्थ पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. आणि असा गाडा ओढण्यास मोंटानासच जावे लागते असेही नाही.

पॅसिफिकच्या किनाऱ्याजवळ, ओरेगन राज्यात, तुकडीने १८०५-०६ चा हिवाळा काढला. पन्नास फूट लांब व पन्नास फूट रुंद असा ओंडक्यांचा एक कोट त्यांनी बांधला आणि शेजारच्या क्लॅटसप लोकांवरून त्यास फोर्ट क्लॅटसप असे नाव दिले. एकशे सहा दिवसांच्या मुक्कामात अवघे बारा दिवस पावसावाचून गेले, असे दैनंदिनीवरून दिसते. त्या ओल्या हवेत लाकडी कोट टिकणे शक्यच नव्हते. १८५० च्या सुमारास तेथे शेती करावयास आलेल्या एका रहिवाशाने उरलेले कुजके ओंडके जाळून टाकल्याचे सांगितले जाते. त्यात त्याचा काय दोष? त्याला ती केवळ अडगळ होती.

शतक संपत आले तेव्हा ओरेगनच्या इतिहास मंडळाने जागेचा शोध सुरू केला. या कामी ज्यांचे साहाय्य झाले त्यांत सायलस स्मिथ हे वकील होते. तुकडी निघून जाताना तिने तो कोट कोबोवे नावाच्या क्लॅटसप प्रमुखास देऊन टाकला होता. सायलस स्मिथ त्याच कोबोवेच्या मुलीचे पुत्र. ज्या घरात ही आठवण तोंडोतोंडी चालत आली होती त्या घरातील माणूस साक्षीस आला. मंडळाने १९०१ साली ती जागा विकत घेतली. १९५५ साली मोहिमेच्या दीडशेव्या वर्षानिमित्त स्थानिक नागरिकांनी व संस्थांनी मिळून कोटाची प्रतिकृती उभारली. क्लार्कने आपल्या वहीच्या कातडी वेष्टनावर कोटाचा जो आराखडा काढून ठेवला होता तो तेव्हा उपयोगी पडला. ३ ऑक्टोबर २००५ च्या रात्री, द्विशताब्दीचा समारंभ काही आठवड्यांवर आला असता, ही प्रतिकृती आगीत जळून गेली. त्या भागातील लोकांनी शोक फार दिवस केला नाही. लाकूड, पैसा व श्रम असे जे ज्याला शक्य ते त्याने दिले आणि ९ डिसेंबर २००६ रोजी नव्या कोटाचे उद्घाटन झाले.

या सर्व खटाटोपात एक गोष्ट लपविली जात नाही, हे विशेष होय. मूळ कोटाचा निर्विवाद अवशेष तेथील उत्खननांतून अद्याप हाती आलेला नाही. प्रतिकृती नेमक्या त्याच जागी आहे असे म्हणता येत नाही. दर्शकांना तसे सांगितले जाते. इतिहास शिकविणाऱ्यास 'येथेच' आणि 'येथे कोठेतरी' या दोन शब्दप्रयोगांतील अंतर सांभाळता आले पाहिजे. गावच्या बुरुजाविषयी किंवा बारवेविषयी बोलताना ते पुष्कळदा सुटते.

याच कोटापासून काही मैलांवर, सीसाइड या गावी, तुकडीतील माणसे पाच भांड्यांतून समुद्राचे पाणी रात्रंदिवस आटवून मीठ करीत बसली होती. ती जागा कशी सापडली हे सांगण्यासारखे आहे. १९०० साली इतिहास मंडळाची माणसे जेनी मिशेल नावाच्या एका वृद्ध क्लॅटसप स्त्रीकडे गेली. गोरे लोक पाणी उकळत बसले होते ती जागा कोणती, हे तिची आई तिला सांगत असे. तिने ती जागा दाखविली आणि तेथे दगडांची रचना आढळली. आज ते स्थळ संरक्षित आहे आणि हौशी मंडळी कधी कधी तेथील किनाऱ्यावर मीठ आटविण्याचे प्रात्यक्षिकही करतात. ही भेट आणखी काही वर्षे लांबली असती तर ती साक्ष त्या वृद्धेबरोबर गेली असती. शाळेच्या गावात ऐंशी-नव्वद वर्षांची जी माणसे आहेत त्यांच्याकडे विद्यार्थ्यांना वही-पेन्सिल घेऊन पाठविण्याचे काम पुढील वर्षावर टाकण्याजोगे नसते.

स्थानिक मंडळींच्या चिकाटीबरोबरच त्यांचा प्रामाणिकपणा कोठे कसास लागला असेल, तर तो मोंटानातील लोलो गावाजवळ. रॉकी पर्वत चढण्यापूर्वी, सप्टेंबर १८०५ मध्ये, प्रवासी येथे थांबले होते व परतताना १८०६ च्या उन्हाळ्यात पुन्हा राहिले. 'ट्रॅव्हलर्स रेस्ट' म्हणजे प्रवाशांचा विसावा असे नाव त्यांनीच या ठिकाणास दिले. हा मुक्काम दोन प्रवाहांच्या संगमापाशी होता असे पुष्कळ वर्षे मानले जात होते आणि तीच जागा राष्ट्रीय स्थळ म्हणून नोंदली गेली होती. काही स्थानिक अभ्यासकांना हे पटत नव्हते. त्यांच्या मते मुक्काम ओढ्याच्या वरच्या अंगास सुमारे दीड मैलावर असावा. गावकऱ्यांच्या प्रयत्नाने २००१ साली तेथे राज्य उद्यान झाले आणि २००२ साली शास्त्रशुद्ध उत्खनन झाले.

शोधण्याची रीत मोठी मनोरंजक आहे. त्या काळच्या अमेरिकन सैनिकी नियमांत चुली व शौचाचा चर यांत सुमारे तीनशे फुटांचे अंतर असावे असे लिहिलेले होते. म्हणून प्रथम जुन्या चुलींच्या राखेच्या खुणा शोधल्या आणि तेथून तीनशे फुटांच्या सुमारास पाहिले. तेथे चर सापडला व त्याच्या मातीत पारा आढळला. हा पारा कोठून आला? मोहिमेबरोबर डॉक्टर रश यांच्या रेचक गोळ्या पन्नास डझन होत्या आणि त्या गोळ्यांत पाऱ्याचे संयुग असे. पारा शेकडो वर्षे मातीत राहतो. इतर प्रवाशांच्या तळावर त्याचे असे प्रमाण आढळण्याचे कारण नव्हते. शिशाच्या गोळ्या ओतताना सांडलेला शिशाचा थेंबही मिळाला. पुढे राष्ट्रीय स्थळाची हद्द बदलण्यात आली. जुन्या जागेवर ज्यांची श्रद्धा होती त्यांस हे जड गेले असेल. पण फलक हलविला गेला. इतिहास, आरोग्य, सैनिकी शिस्त व रसायनशास्त्र एकाच चरात भेटतात असा पाठ वरच्या वर्गांना विरळाच मिळतो. शिक्षकांनी तो अवश्य घ्यावा. विषय शौचाचा असल्याने वर्ग हसेल, त्यास हसू द्यावे.

फलक हलविण्यापेक्षाही अवघड अशी एक दुरुस्ती या मंडळींना करावी लागली. शंभर-दीडशे वर्षे ही मोहीम म्हणजे निर्जन रानात शिरलेल्या दोन वीरांची गाथा म्हणून साजरी होत होती. वस्तुतः ते रान निर्जन नव्हते. मॅन्डन लोकांनी त्यांना हिवाळाभर मका पुरविला, शोशोनींनी घोडे दिले, नेझ पर्स लोकांनी उपाशी पोटांस अन्न दिले. आणि मोहिमेच्या मागोमाग आलेल्या व्यापाऱ्यांनी, रोगांनी व फौजांनी याच लोकांची भूमी गेली. १८०६ च्या जुलैत लुईसच्या सोबत्यांशी झालेल्या झटापटीत ब्लॅकफीट जमातीचे दोघे मारलेही गेले. तुकडीत यॉर्क नावाचा एक कृष्णवर्णीय होता. तो क्लार्कचा गुलाम. समुद्रकाठी हिवाळा कोठे काढावा हे ठरविताना त्याचे मत इतरांबरोबर नोंदले गेले, यावर मोठे लेख लिहिले गेले आहेत. परंतु परतल्यावर सैनिकांना दुप्पट पगार व प्रत्येकी ३२० एकर जमीन मिळाली, यॉर्कला काहीच मिळाले नाही. त्याने स्वातंत्र्य मागितले तेव्हा क्लार्क संतापला, हे क्लार्कने भावास लिहिलेल्या पत्रांतून दिसते. साकागवियाच्या नवऱ्यास पाचशे डॉलरांच्या घरात रक्कम मिळाली. तिला स्वतःला काही मिळाल्याची नोंद नाही.

२००३ ते २००६ या काळात द्विशताब्दी पाळण्याचे ठरले तेव्हा मूळ जमातींच्या प्रतिनिधींनी स्पष्ट सांगितले की, आम्हांस हा उत्सव नाही. तेव्हा 'उत्सव' हा शब्द सोडून 'स्मरण' हा शब्द योजण्यात आला. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. राष्ट्रीय उद्यान खात्याचे जे फिरते प्रदर्शन त्या वर्षांत मार्गावरील गावोगाव गेले, त्यासोबत 'अनेक आवाजांचा तंबू' होता. त्यात जमातींतील वृद्धांनी, शिक्षकांनी, कारागिरांनी आपल्या बाजूची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगितली. ज्या गावांच्या इतिहास मंडळांतून तोवर दोन वीरांच्या चित्रांखेरीज काही नव्हते, तेथील श्रोत्यांपैकी कित्येकांनी ही दुसरी बाजू प्रथमच ऐकली. काही जण नाराजही झाले. हे स्वाभाविकच होते.

याच काळात मिसूरी राज्यातील सेंट चार्ल्स या गावच्या मंडळींनी मूळ नावांच्या पूर्णाकृती प्रतिकृती करून त्यांतून नदीप्रवास केला. त्यांची पहिली मोठी नाव १९९७ साली आगीत जळाली होती. ती त्यांनी पुन्हा बांधली होती. त्यांच्या सुतारकामाचे कौतुक सर्वत्र झाले.

दुसऱ्या एका नावेची गोष्ट मात्र याहून निराळी आहे. मार्च १८०६ मध्ये फोर्ट क्लॅटसप सोडण्याच्या वेळी प्रवाशांना होड्या कमी पडत होत्या आणि विकत घेण्यास त्यांच्यापाशी माल उरला नव्हता. तेव्हा त्यांनी क्लॅटसप लोकांची, ओंडका कोरून केलेली एक होडी चोरून नेली. ज्या कोबोवेने हिवाळाभर स्नेह राखला त्याच्याच लोकांची ती होडी होती. क्लॅटसपांनी पूर्वी आमच्या शिकारीतील सहा हरणे नेली होती, त्यांचा हा मोबदला, असे समर्थन दैनंदिनीत नमूद आहे. म्हणजे चोरीचा पुरावा चोरांनीच लिहून ठेवला, आणि ज्या वह्या अभिमानाने जपल्या गेल्या त्यांतच तो राहिला. ही नोंद क्लार्कच्या वंशजांनी वाचली. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी छत्तीस फूट लांबीची, जुन्या घडणीची एक होडी करवून घेतली आणि क्लॅटसप ज्यांत मोडतात त्या चिनूक लोकांच्या स्वाधीन केली. मूळ होडी गेल्यास तेव्हा दोनशे पाच वर्षे झाली होती.